तुटलेल्या नसेसाठी कृत्रिम नळी की पायातली नस?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत फेटलिंगला (ओतकामावरचा जादा धातू घासून काढायच्या कामाला) आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी ग्राइंडर उसळून डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला करंगळीच्या अंगाला खोल जखम झाली. त्या रात्री रक्तवाहिनी आणि टेंडन जोडले, नस (म्हणजे मज्जातंतू, नर्व्ह) मात्र ‘नंतर बघू’ म्हणून तशीच ठेवली. आता करंगळी आणि शेजारच्या बोटाची एक बाजू बधिर आहे, ती दोन बोटं आकडलेली राहतात आणि अंगठा-तर्जनीत किल्ली धरून फिरवायला जोर लागत नाही. एका सर्जननी पायातली नस काढून लावू म्हणून सांगितलं, दुसरीकडे कृत्रिम नळीचा विषय निघाला, आणि मामांनी थ्रीडी प्रिंटरवर नस तयार होत असल्याचा व्हिडिओ पाठवला. तुम्ही विचारता की यातलं चांगलं कोणतं, पायातली नस काढल्यावर पाय अधू होईल का, आणि वर्षभर थांबलं तर आणखी चांगलं काही मिळेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या चर्चेला वेळ आहे आणि याला नाही. थांबू नका. जो उपाय आज कोल्हापुरात, सांगलीत किंवा पुण्यात नीट करता येतो तो याच महिन्यात करून घ्या.

मी हाताच्या आणि नसांच्या शस्त्रक्रिया करतो. आपल्या भागात या जखमा नेमाने येतात: फाउंड्रीतले ग्राइंडर, इचलकरंजीचे माग, गुऱ्हाळाचा चरक, कडबाकुट्टी, आणि गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीचा कोयता. भावाचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या वर्णनावर आधारलेलं आहे आणि तपासणीनंतर त्यात थोडाफार फरक पडू शकतो. वर्णनावरून तुटलेली नस अल्नर आहे याबद्दल मला फारशी शंका नाही. करंगळीची जाणीव, बोटं फाकवणं-मिटवणं आणि चिमटीचा जोर हे तिन्ही तिच्याकडेच असतं. घरी खात्री करायची असेल तर दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत एक कागद धरायला सांगा आणि तुम्ही तो ओढा. डाव्या हाताचा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकेल, कारण चिमटीचा मूळ स्नायू बंद पडल्यावर दुसरा स्नायू ते काम अंगावर घेतो. हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला तर निरोगी बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतील, बधिर करंगळी गुळगुळीत राहील. पाणी किती गरम आहे ते मात्र त्याच्या उजव्या हाताने बघा. डाव्या करंगळीला चटका कळणार नाही.

आता मूळ मुद्दा. ‘नळी की पायाची नस’ असा प्रश्न विचारला की ते दोन कंपन्यांच्या मालातून निवड केल्यासारखं होतं. आम्ही ठरवतो ते वेगळ्या क्रमाने. कोणती नस आहे, टोकं साफ केल्यावर फट किती उरते आणि दुखापतीला किती महिने झाले, या तीन गोष्टी आधी येतात. त्या कळल्या की सामान जवळपास आपोआप ठरतं.

नस म्हणजे हजारो बारीक तंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतूची मूळ पेशी मज्जारज्जूत किंवा त्याला लागून असते, आणि तिथून तो तंतू सलग हातापर्यंत येतो. मनगटात तो तुटला की मूळ पेशीपासून तोडला गेलेला पुढचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवून दिलं होतं. म्हणजे शिवलेली नस त्वचेसारखी चिकटून लगेच कामाला लागत नाही. टाके घालून आम्ही फक्त वाट मोकळी करतो, आणि वरच्या टोकातून नवे तंतू वाढत जाऊन पुन्हा बोटापर्यंत पोचावे लागतात. जुने तंतू मेले तरी त्यांच्याभोवतीच्या श्वान (Schwann) नावाच्या आधार देणाऱ्या पेशी जिवंत राहतात. त्या आतला कचरा साफ करतात, लांब रांगा धरून राहतात आणि वाढीला पोषक द्रव्यं सोडतात. नवा तंतू या रांगेला टेकला की रोज साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतो. काकडीच्या वेलाचं असंच असतं: मांडवाची काठी लागली की चढतो, नाही लागली की तिथल्या तिथे गुंतून बसतो. नसेच्या टोकाशी झालेल्या अशा गुंत्याला न्यूरोमा म्हणतात. भावाच्या मनगटावर टिचकी मारल्यावर करंगळीपर्यंत झिणझिणी जात असेल तर ती बहुधा तिथूनच निघते.

आता महिन्यांचा हिशेब करू. मनगटापासून तळहातातले बारीक स्नायू साधारण ४ ते १० सेंटिमीटरवर आहेत. रोजचा १ मिलिमीटर धरला तर ४० ते १०० दिवस. त्यात ग्राफ्टची, म्हणजे फटीत घालायच्या नसेच्या तुकड्याची, लांबी आणि प्रत्येक जोड ओलांडताना तंतूचे जाणारे काही आठवडे मिळवा. सर्वांत लांबच्या, अंगठा आणि तर्जनीमधल्या स्नायूपर्यंत तंतू पोचायला शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा महिने लागतील असं धरून चाला. इकडे स्नायूला मुदत आहे. नसेविना तो वाळत जातो, आणि १२ ते १८ महिन्यांनंतर तंतू पोचला तरी त्याचा उपयोग करून घेण्याची ताकद स्नायूत उरत नाही. साडेतीन महिने गेलेत, त्यात सहा धरले तर साडेनऊ होतात, म्हणजे मुदतीत बसतं. आणखी वर्षभर थांबलात तर साडेएकवीस होतील. मग नस कोणत्याही सामानाने जोडली तरी हे स्नायू हलायचे नाहीत. बधिरपणाला इतकी कडक मुदत नाही. उशिरा जोडलेल्या नसेतूनही चटका, टोचणी कळण्याइतकी जाणीव येऊ शकते. पण तुमच्या भावाला ग्राइंडर धरायचा आहे, आणि त्यासाठी त्याला जोर हवा.

आता फट. धारदार कोयत्याने किंवा काचेने नस कापली आणि लगेच शिवली तर बहुतेक वेळा फट नसतेच, टोकाला टोक लावून काम होतं. ग्राइंडर नस नुसती कापत नाही, तो ती फाडतो आणि भाजतो. टोकं दिसायला जवळ असली तरी त्यांच्या आतलं बरंच काही मेलेलं असतं, आणि कुठपर्यंत मेलंय हे पहिल्या रात्री ओळखता येत नाही. म्हणून अशा जखमेत नस त्या रात्री न शिवता काही आठवड्यांनी शिवणं हा मान्य असलेला मार्ग आहे. त्या रात्रीच्या डॉक्टरांना दोष देण्याचं मला कारण दिसत नाही. गडबड पुढे झाली: ‘नंतर’ म्हणजे तीन आठवडे, हे तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं नाही. असे रुग्ण मला वारंवार भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण हातची मुदत निव्वळ एका न सांगितलेल्या वाक्यापायी जाते.

खरी फट ऑपरेशन टेबलावरच कळते. सोनोग्राफीने अंदाज येतो, पण शेवटचा निर्णय मायक्रोस्कोपखाली होतो. न्यूरोमा आधी बोटाला कडक लागतो. नव्या ब्लेडने त्याचा मिलिमीटरभर जाडीचा काप काढतो. आत पांढरा, एकजिनसी व्रण दिसतो, तंतूंचे जुडगे वेगळे ओळखू येत नाहीत. आणखी एक काप. मग एका कडेला दोन-तीन जुडगे दिसू लागतात, बाकीचं पांढरंच. आणखी काप घेत गेलं की एका क्षणी सगळे जुडगे गोल, पिवळसर, किंचित वर उचललेले दिसतात आणि त्यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात. तिथे थांबायचं. खालच्या टोकालाही हेच. कमी कापलं तर फट लहान राहील असा मोह प्रत्येक सर्जनला होतो. त्याला बळी पडून व्रणाला व्रण शिवला तर वर किती सुबक टाके घातले आणि कुठली महागडी नळी चढवली, याला काही अर्थ राहत नाही. ग्राइंडरच्या जुन्या जखमेत कापून झाल्यावर २ ते ४ सेंटिमीटर फट उरणं यात नवल नाही.

मग ही टोकं ओढून जवळ आणली तर? पूर्वी मनगट वाकवून, टोकं भिडवून शिवत असत आणि वरून प्लास्टर घालत. ताणाने नसेतला रक्तपुरवठा घुसमटतो. लुंडबोर्ग आणि रिडेविक यांनी १९७३ मध्ये सशाच्या नसेवर मोजून दाखवलं की लांबी सुमारे ८ टक्के ताणली की बारीक शिरांतलं रक्त अडू लागतं आणि १५ टक्क्यांच्या आसपास ते पूर्ण थांबतं. व्हिएन्नाच्या हॅनो मिलेसी यांनी त्याच काळात ताण न देता, जुडग्याला जुडगा जुळवून, मधे ग्राफ्ट घालायची पद्धत रुजवली. आजही आम्ही त्याच वाटेने जातो.

नळीची कल्पना तुम्हाला वाटते तितकी नवी नाही. १८८०च्या सुमारास ग्लूक यांनी हाडातला चुना काढून त्याची नळी करून पाहिली. दुसऱ्या महायुद्धात टँटलम धातूच्या नळ्या वापरल्या, नंतर सिलिकॉनच्या आल्या. सिलिकॉन विरघळत नाही, काही रुग्णांत ते पुढे नसेला आवळू लागलं आणि पुन्हा उघडून काढावं लागलं. म्हणून विरघळणाऱ्या नळ्या आल्या: पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या, मग कोलॅजेनच्या, आणि अलीकडे खेकडा-कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या. मॅकिनन आणि डेलन यांनी १९९० मध्ये बोटांतल्या नसांसाठी विरघळणाऱ्या नळीचे निकाल मांडले, आणि बोटाची बारीक, फक्त जाणिवेची नस हे आजही नळीचं खरं क्षेत्र आहे.

नळीत काय होतं हे समजलं की तिची मर्यादाही समजते. दोन टोकं नळीत बसवून मधे जागा सोडली की तिथे द्रव साठतो. त्या द्रवात दोन्ही टोकांतून झिरपलेली वाढीची द्रव्यं असतात. काही दिवसांत त्यात फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) एक धागा तयार होऊन दोन टोकं जोडतो. त्या धाग्यावरून दोन्हीकडच्या श्वान पेशी आत सरकतात आणि त्यांच्या मागोमाग तंतू. सगळा खेळ त्या धाग्यावर आहे. फट लहान असेल तर तो जाड आणि सलग होतो. फट वाढली की तो मधे बारीक होत जातो आणि शेवटी तुटतो. उंदरांवरच्या प्रयोगात रिकाम्या सिलिकॉन नळीतून १० मिलिमीटरची फट भरून आली, १५ ची आली नाही. माणसासाठी बहुतेक नळ्यांवर ३ सेंटिमीटरपर्यंतची मर्यादा सांगितली जाते, पण मी बारीक नसेतही दीडच्या पुढे रिकाम्या नळीवर भिस्त ठेवत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. पहिली, मनगटातली अल्नर नस जाड आहे. जाड नसेला रुंद नळी लागते, रुंद नळीत द्रव जास्त, त्यातली द्रव्यं पातळ पडतात आणि धागा नीट धरत नाही. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. या नसेत जाणिवेचे आणि स्नायूंचे जुडगे मनगटापाशी वेगवेगळे ओळखता येतात. ग्राफ्ट लावताना स्नायूकडे जाणारा जुडगा स्नायूच्याच जुडग्याला जोडता येतो. रिकाम्या नळीत मात्र वरून आलेला तंतू कुठे उतरेल यावर आपला ताबा नसतो. स्नायूचा तंतू करंगळीच्या कातडीत जाऊन पोचला तर तो वायाच गेला. स्वीडनमध्ये लुंडबोर्ग यांनी मनगट-हाताच्या मोठ्या नसांवर नळीचा अभ्यास केला होता आणि पाच वर्षांनंतरचे निकाल टाक्यांच्या जवळपास आले, पण त्यात टोकांमधलं अंतर मुद्दाम काही मिलिमीटर एवढंच ठेवलेलं होतं. जाहिरातीत या अभ्यासाचा उल्लेख असला तर मिलिमीटर शोधा. मोठ्या मिश्र (जाणीव आणि स्नायू दोन्हींच्या) नसांत लांब फटीवर नळी टाकून काहीच हाती न आल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

म्हणून तुमच्या भावासाठी माझं मत स्पष्ट आहे. फट ५ मिलिमीटरच्या आत आली, जे मला शक्य वाटत नाही, तर छोटी नळी किंवा सैल जोड चालेल. त्याहून जास्त आली तर स्वतःची नस. पायाची नस सुचवणाऱ्या सर्जननी जुनाट काही सुचवलेलं नाही. अशा जखमेत बाकी सगळे उपाय आजही याच उपायाशी ताडून पाहिले जातात.

आता पाय. काढतात ती सुरल नस. पोटरीच्या मागून उतरते, घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून पावलाच्या बाहेरच्या कडेला जाते. तिच्याकडे कुठलाही स्नायू नाही, म्हणून पाय लुळा पडत नाही, चाल बदलत नाही, तो दुसऱ्या दिवशी चालत संडासला जाईल. पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि टाचेच्या बाजूला बधिरपणा येतो. तो पट्टा पुढच्या वर्ष-दीड वर्षात आक्रसत जातो, थोडासा कायम राहतो. काहींना कापलेल्या टोकापाशी दुखरेपणा राहतो, म्हणून ते टोक आम्ही खोल स्नायूत लपवतो. सुरुवातीचे काही महिने संध्याकाळी पाऊल बघायची सवय लावायला सांगा, कारण चप्पल घासून फोड आला तरी कळणार नाही. नवी करकरीत कोल्हापुरी त्या काळात नको, मऊ झालेली चालेल.

किती नस लागेल? समजा फट ३ सेंटिमीटर आली. सुरल नस अल्नरपेक्षा बारीक असते, म्हणून तिचे चार तुकडे शेजारी-शेजारी लावावे लागतात. चार गुणिले तीन, बारा, आणि ताण नको म्हणून थोडं जास्त, म्हणजे १४ सेंटिमीटरच्या आसपास. एका पायातून मोठ्या माणसात ३० सेंटिमीटरहून जास्त मिळू शकते, त्यामुळे एकाच पायाचा भाग पुरतो. सगळी पोटरी चिरायचीही गरज नसते, दोन-तीन छोट्या आडव्या छेदांतून ती काढता येते. एकच जाड नस न लावता बारीक तुकडे का, तर ग्राफ्टला पहिले काही दिवस रक्त नसतं, तो आजूबाजूच्या द्रवावर जगतो. बारीक तुकड्याच्या मधोमध ते पोचतं, जाड तुकडा आतून मरतो. म्हणजे ग्राफ्ट जगला की त्यातल्या श्वान पेशी जगल्या, आणि रिकाम्या नळीत नेमक्या त्याच नसतात.

मग प्रयोगशाळेत तयार केलेल्या नसांचं काय? मामांनी पाठवलेलं खोटं नाही. मृतदेहातून घेतलेल्या नसेतल्या पेशी धुऊन काढायच्या, आतली चौकट तशीच ठेवायची आणि निर्जंतुक करून वापरायची, ही पद्धत अमेरिकेत बरीच रूढ झाली आहे. पेशीच नसल्यामुळे शरीर ती परकी म्हणून नाकारत नाही, औषधं घ्यावी लागत नाहीत. ७ सेंटिमीटरपर्यंतच्या फटीतल्या वापराच्या नोंदी आहेत आणि रिकाम्या नळीपेक्षा ती निश्चित सरस आहे. तरी आतल्या श्वान पेशी धुऊन गेलेल्या असतात, त्या रुग्णाच्या टोकांतून आत शिराव्या लागतात, आणि लांब ग्राफ्टमध्ये मधेच त्या थकतात. पुढचं सगळं संशोधन या एका अडचणीभोवती फिरतं. कुणी नळीत लांबीच्या दिशेने धावणारे अतिसूक्ष्म धागे भरतं, कुणी भिंतीला खाचा पाडतं, कुणी वाढीची द्रव्यं हळूहळू सुटतील अशी सोय करतं, कुणी चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी त्यात पेरतं. द्रव्याचं प्रमाण चुकलं की वेगळंच होतं: जीडीएनएफ नावाचं द्रव्य जिथे जास्त साठलं तिथे तंतू तिथेच घुटमळत राहिले आणि पुढे जायचं सोडलं, असं प्राण्यांत दिसलंय. थ्रीडी प्रिंटरने दोन फाट्यांची नळीही छापता येते. हे सगळं मी आवडीने वाचतो आणि यातून एक दिवस लांब फटीचे, आज ज्यांना पुरेशी नसच उरत नाही असे रुग्ण बरे होतील याची मला मनापासून आशा आहे. पण तुमच्या भावाची फट त्या मानाने लहान असेल, नस हाताशी आहे आणि मुदत मोजकी आहे. हे सगळं त्याच्यासाठी नाही.

टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेलं एक काम मात्र सांगायला हवं. शस्त्रक्रियेनंतर लगेच नसेला २० हर्ट्झने एक तास हलका विद्युतप्रवाह दिला तर तंतू जोड लवकर ओलांडतात. मनगटातली नस मोकळी केलेल्या रुग्णांत त्याचा फायदा २०१० मध्ये दाखवला गेला. फिजिओथेरपीत महिनोन्‌महिने स्नायूला करंट देतात तो वेगळा. त्याने नस वाढत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

स्वस्त पर्याय विचारणाऱ्यांसाठी एक आडवळण घेतो. कोयत्याने बोटाची नस तुटून सेंटिमीटरभर फट राहिलेल्या ऊसतोड कामगाराला आयात केलेली नळी परवडत नाही, आणि पायाची नस काढणंही तेवढ्यासाठी जास्त होतं. तिथे त्याच्याच हातावरच्या शिरेचा तुकडा नळी म्हणून वापरता येतो. आत त्याच्याच स्नायूचे थोडे धागे भरले तर शीर चपटी होत नाही आणि तंतूंना आधारही मिळतो. ब्रुनेल्ली यांनी इटलीतून १९९३ मध्ये ही जोडणी मांडली. मला ही पद्धत फार आवडते. दुकानातून काहीच आणावं लागत नाही, आणि बारीक नसेत निकाल विकतच्या नळीच्या तोडीचे येतात.

परिस्थिती वेगळी असती तर सल्लाही वेगळा असता. नस कोपरावर तुटली असती तर हातापर्यंतचं अंतर इतकं की कुठलाही ग्राफ्ट मुदतीत पोचत नाही. तिथे मनगटाजवळ, ज्याच्यावाचून भागतं अशा एका स्नायूची नस तोडून अल्नरच्या स्नायूंच्या जुडग्याला जोडतात, म्हणजे तंतूला जवळून वाट मिळते. वय साठ असतं, मधुमेह असता, तर अपेक्षा खाली आणली असती. दीड वर्ष उलटून गेलं असतं तर नसेकडून फक्त जाणीव मागितली असती आणि आकडलेल्या बोटांसाठी टेंडनची जागा बदलायची शस्त्रक्रिया सुचवली असती. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोगाने आकडलेल्या हातांसाठी हीच वाट घडवली आणि असंख्य लोक पुन्हा कामाला लागले. म्हणजे नसेची शस्त्रक्रिया मनासारखी साधली नाही तरी भावाच्या हातासाठी पुढचा मार्ग शिल्लक आहे. हे त्याला आत्ताच सांगा. या वयातली पोरं हाताकडे बघून खचतात.

निकाल काय मिळेल? वेळेत, नीट लावलेल्या ग्राफ्टने चटका-टोचणी कळणं आणि चिमटीचा जोर बऱ्यापैकी परत येणं, ही रास्त अपेक्षा. करंगळी पहिल्यासारखी होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ग्राफ्टनंतर साधारण तीन आठवडे मनगट पट्टीत राहील. त्यानंतर दर महिन्याला मनगटापासून बोटाकडे टिचक्या मारत गेलं की झिणझिणीची जागा पुढे सरकताना कळते, ती पेनाने खूण करून तारीख लिहून ठेवा. तीन-चार महिने ती जागेवरून हललीच नाही तर सर्जनकडे परत जा. सुधारणा दोन-तीन वर्षं चालू राहते.

आजपासून करायचं ते असं. आकडलेली दोन बोटं दिवसातून बऱ्याच वेळा दुसऱ्या हाताने सरळ करत राहायची. नस आली आणि सांधे कडक झालेले, असं झालं तर सगळं फुकट. नकल बेंडर नावाची पट्टी मिळते, ती लावून घ्या. तंबाखू, बिडी, मावा बंद, कारण ग्राफ्टला लागणारं रक्तच त्याने कमी होतं. शस्त्रक्रिया होऊन जाणीव येईपर्यंत गरम कास्टिंगजवळ काम नको, आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरपासूनही तो हात जपायला सांगा.

कागदपत्रांत पहिल्या दवाखान्याची ऑपरेशन नोट सगळ्यांत मोलाची आहे. डिस्चार्ज कार्डवर भागत नाही, नोटची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. त्यात नस पूर्ण तुटल्याचं लिहिलेलं असेल तर एनसीव्हीसाठी (नसेतून संदेश जातो का ते बघायच्या तपासणीसाठी) तारखा घेत बसू नका, त्याने निर्णय बदलणार नाही. काहीच लिहिलं नसेल तर एनसीव्ही आणि सोनोग्राफी याच आठवड्यात करा. सर्जनना तीन गोष्टी विचारा: मायक्रोस्कोप आहे का, अशा नसा ते नेमाने जोडतात का, आणि फट अपेक्षेपेक्षा मोठी निघाली तर त्याच वेळी पायाची नस घ्यायची तयारी आणि संमती आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर पायाची नस सुचवणाऱ्या सर्जनकडेच जा. नळीचा आग्रह धरणाऱ्यांना किती मिलिमीटरसाठी ती वापरणार, हे विचारा आणि अंदाजपत्रक लेखी घ्या.

खर्चाचं म्हणाल तर कामावर अपघात झाला आहे, त्यामुळे भावाचं ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर उपचार तिथून मिळतातच, शिवाय तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी कंपनीच्या अपघात नोंदवहीत त्या दिवसाची नोंद आहे का ते आधी पाहा. नसेल तर सुपरवायझरकडून लेखी करून घ्या. ईएसआय नसेल तर योजनेत असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ‘नस जोडणी, ग्राफ्टसह’ कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी विचारून घ्या. मंजुरी आधी लागते, नंतर मिळत नाही.